सावलीचं माप

नोव्हेंबरात, जमीन दगड व्हायच्या आत,
पालिकेच्या माणसांनी ओरिस्याच्या पुढच्या अंगणात पाटी रोवली.
निळ्या अक्षरांत: एका घराच्या जागी आठ घरं, तीन मजले.
हरकत असल्यास चौदा जानेवारी, सकाळी साडेनऊ.

हरकत होती.
एडमंटनच्या आमच्या गल्लीत ती घरटी एक असतेच,
बर्फ उपसायच्या फावड्यासारखी, दाराशी टेकवलेली.
डेल म्हणाला, पार्किंग.
कोपऱ्यावरची हिल्डा म्हणाली, मुलं खेळतात रस्त्यात
(तिची मुलं चाळिशीची, व्हँकुव्हरला).
कुणी म्हणालं गटार, कुणी म्हणालं घरांचे भाव.
'तसले लोक' असं कुणीच म्हणालं नाही,
इतकं जपून म्हणालं नाही
की सगळ्यांना ऐकू आलं.

माझी हरकत सावलीची.
एकतीस वर्षं भूमापक होतो मी,
मोघम बोलणं मला जमत नाही.
एकवीस डिसेंबरला, उणे सव्वीस थंडीत,
तंबूच्या खुंट्या आणि केशरी दोरी घेऊन
मी न बांधलेल्या इमारतीची सावली आखली.
साडेनऊ ते साडेअकरा: टोमॅटोचा वाफा,
स्वयंपाकघराची खिडकी,
खिडकीतला तो कट्टा जिथं मॉरीन कप ठेवायची.
कपाचं गोल वर्तुळ अजून आहे लाकडावर.
तेही आलं मापात.

सुनावणीला ओरिस्याला मीच घेऊन गेलो.
खुब्याचं हाड मोडल्यापासून ती निसरड्यावर गाडी चालवत नाही.
ती कशाला चाललीय ते मला ठाऊक, मी कशाला ते तिला.
वाटेत आम्ही हीटरबद्दल बोललो.

प्रत्येकाला पाच मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा, लाल.
मी नकाशा दाखवला, कोन सांगितले,
पिवळा लागायच्या आत संपवलं.
माझ्यानंतर सेलामाविट नावाची नर्स,
रात्रपाळीच्या कपड्यांतच आलेली.
म्हणाली, मी तळघरात राहते, दोन बस बदलून कामाला जाते.
माझ्या खिडकीतून लोकांचे बूट दिसतात.
या गृहस्थांना आपल्या घरात ऊन किती वाजता येतं ते ठाऊक आहे,
आणि खरं सांगते, मला हेवा वाटला.
ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं.

मग ओरिस्या. कागद नाही, चष्मा नाही.
'तळमजल्यावरचं एक घर माझं,' ती म्हणाली,
'जिना नसलेलं. मला ही गल्ली सोडायची नाही, एवढंच.'
थांबली. हिरवा दिवा चालूच.
'लॉर्नच्या दारात स्प्रूसचं झाड आहे.
सत्त्याऐंशी साली लावलं. खड्डा खणायला मी होते.
दुपारी दोननंतर माझ्या बिटांवर ऊन येत नाही.
बिटं लहान होतात, मुलाच्या मुठीएवढी.
पण होतात.'
आणि जाऊन बसली, अडीच मिनिटं शिल्लक ठेवून.

मतदान पुढच्या मंगळवारी.
परतताना तिनं एकदाच तोंड उघडलं:
'माझी शिडी तुझ्याकडेच आहे, ऑक्टोबरपासून.'

मी माझी हरकत मागे घेतलेली नाही.
माप बरोबर आहे, कुणीही येऊन तपासावं.

पण घरी आल्यावर कोट न काढता खिडकीशी उभा राहिलो.
स्प्रूसची सावली कुंपणाची एकेक फळी ओलांडत गेली,
बर्फाखालच्या वाफ्यावर पसरली,
मग चढली पाटीवर, निळी अक्षरं काळी करत.
दोरी खिशातच होती.
घड्याळात पाहिलं, सवयीनं.
दोन वाजून सात मिनिटं.

सात मिनिटं तिनं मला सोडली होती.